मोगलीचं रान आणि आमची तूर



धान कापणीला आलं की आमच्या घरची माणसं दोन ठिकाणी झोपतात. बायका-पोरं घरात आणि एक गडी वावरातल्या मचाणावर. आमचं गाव रामटेक तालुक्यात, देवलापारच्या अंगाला. वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की मध्ये एक नाला, चार पळसाची झाडं आणि त्यापलीकडे रानच रान. बांधीत धान, धुऱ्यावर तूर. धान पिकलं की रानडुकरं येतात, तूर फुलावर आली की रोही येतात. ज्यांची वावरं रानाला लागून आहेत त्यांना यातलं काही नव्यानं सांगायला नको. ज्यांची नाहीत त्यांनी एवढंच समजावं, की आमच्याकडे पेरतो आम्ही, राखतो आम्ही, आणि वाटा मागायला सगळं रान येतं.

गेल्या दिवाळीला नागपूरहून माझा नातू आला. चौथीत आहे. काकाबरोबर जागलीला जायचंच म्हणून हटून बसला. एवढ्या लहान पोराला थंडीत मचाणावर कोण पाठवणार? मी म्हटलं, "तू इथंच राय माझ्यापाशी. तुले वाघाची गोष्ट वाचून दाखवते." मग लोखंडी पेटी उघडली, आणि लुगड्यांच्या खाली पन्नास वर्षं जपून ठेवलेलं एक पुस्तक बाहेर काढलं. तेच हे मोगलीचं पुस्तक. आज त्याच्याविषयीच चार गोष्टी तुम्हाला सांगायच्या आहेत. पण त्याआधी एक सांगून ठेवते. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या मुलानं बाजारातून तारेचं एक भेंडोळं आणून गोठ्यात ठेवलं होतं. ते कशासाठी आणलं हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. दोघांनाही माहीत होतं.

पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते आधी ऐका. मी सातवीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत एका पत्र्याच्या पेटीत चाळीसेक पुस्तकं होती, तेवढंच ग्रंथालय. गुरुजी शनिवारी पेटी उघडायचे. त्यात हे एक होतं. वरचं पान फाटलेलं, त्यामुळे मराठीत कोणी लिहिलं हे मला कधी कळलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा भाऊ म्हशी घेऊन नाल्याकडे जायचो. म्हशी पाण्यात बसल्या की त्या लवकर उठत नाहीत. तेवढ्या वेळात भाऊ मोठ्यानं वाचायचा आणि मी ऐकायची. दुसऱ्या दिवशी मी वाचायची आणि तो ऐकायचा. त्या एका पुस्तकाची आम्ही किती पारायणं केली याचा हिशेब नाही. गुरुजींची बदली झाली तेव्हा जाताना ते पुस्तक त्यांनी मला दिलं. म्हणाले, "पेटीत वाळवीच खाणार, तुझ्याजवळ राहू दे."

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. शेरखान नावाचा एक लंगडा वाघ रानात उतरलेल्या लाकूडतोड्यांच्या मुक्कामावर झडप घालतो. त्या गोंधळात एक रांगतं पोर लांडग्यांच्या गुहेपाशी येतं. लांडगीण त्याला आपल्या पिल्लांबरोबर दूध पाजते, वाघाला देत नाही. अस्वल त्याला रानाचे कायदे शिकवतं, काळा बिबट त्याला जपतो. पोर मोठं होतं तसा कळपातल्या तरण्या लांडग्यांना त्याचा राग येऊ लागतो, आणि एक दिवस त्याला रान सोडावं लागतं. तो गावात येतो, गावची गुरं राखतो, त्याच गुरांच्या मदतीनं शेरखानाला मारतो. पण गावही त्याला चेटक्या म्हणून दगड मारून हाकलतं. रानातून बाहेर, गावातूनही बाहेर. असा हा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

हे सगळं कुठं घडतं ठाऊक आहे? आपल्या शेजारी. नागपूरहून कामठी, मनसर, देवलापार करत जो मोठा रस्ता खवाशाला मध्य प्रदेशात शिरतो, तोच पुढे सिवनीला जातो. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पुस्तकातली टेकाडं त्या सिवनीची आहेत, आणि पुस्तकातली नदी म्हणजे आपली वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटावरून भंडाऱ्याला येते, पवनीवरून पुढे गडचिरोली-चंद्रपूरच्या हद्दीनं वाहते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. वैनगंगेच्या काठी धान लावणाऱ्या बायांनी लक्षात ठेवावं, की मोगलीनं ज्या नदीत उड्या मारल्या तिच्याच पाण्यात त्यांचे पाय असतात. आणि आमच्या भागातलं पेंचचं पाणी त्याच सातपुड्यातून येतं. तोतलाडोहला अडतं, नवेगाव खैरीहून कालव्यानं वावरात आणि नळानं नागपूरकरांच्या घरात जातं. त्या काळी तर नागपूर आणि सिवनी एकाच मध्य प्रांतात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

पुस्तक लिहिणारा रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याचे वडील तिथल्या जे. जे. कला शाळेत शिकवत. १९०७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. 'जंगल बुक'चा पहिला भाग १८९४ ला निघाला, दुसरा १८९५ ला. आणि गंमत अशी, की सिवनीचं रान त्यानं स्वतः पाहिल्याचं काही दिसत नाही. अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या बर्फाळ मुलखात बसून त्यानं ह्या गोष्टी लिहिल्या. स्टर्नडेल नावाच्या साहेबानं १८७७ मध्ये सिवनीच्या मुक्कामांवर आणि सातपुड्यावर एक पुस्तक लिहिलं होतं, त्याचा त्याला मोठा आधार झाला. म्हणजे घरात शेगडी, बाहेर हिम, आणि कागदावर मोह-पळसाचं रान!

मग न पाहता लिहिलेलं खरं किती आणि खोटं किती? रानाच्या काठी जन्म काढलेली बाई म्हणून हे मी सांगू शकते.

शेरखान जन्मापासून एका पायानं अधू आहे, म्हणून तो गुरंच मारतो, असं पुस्तक सांगतं. हे अगदी खरं. धडधाकट वाघाला रानात चितळ-सांबर मिळतं. म्हातारा, जखमी, दात पडलेला वाघ गोठ्याजवळ घुटमळतो. गावातला शिकारी बलदेव मात्र पारावर बसून सांगतो, की हा वाघ नव्हेच, मेलेल्या सावकाराचं भूत आहे. तो सावकारही लंगडा होता, कारण दंग्यात लोकांनी त्याच्या हिशेबाच्या वह्या जाळल्या तेव्हा त्याच्या पायाला मार बसला होता. लहानपणी हे वाचून आम्ही नुसते हसायचो. पुढे कळलं, की १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी खरोखरच सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या होत्या. वाघ आणि सावकार दोघंही एकाच गोठ्यातून गुरं नेतात, हे किपलिंग साहेबाला कळलं असावं.

म्हशींचंही खरं. वाघाचा वास आला की गाई उधळतात, पण म्हशी गोलात उभ्या राहतात आणि शिंगं बाहेर करतात. मोगली कळपाचे दोन भाग करतो, शेरखानाला खोल नाल्यात दोन्ही बाजूंनी कोंडतो आणि म्हशींच्या खुरांखाली तुडवतो. आमच्या बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "लिहिणाऱ्यानं म्हशी राखल्या असतीन." त्याहून मोठी शाबासकी त्या नोबेलवाल्याला कोणी दिली नसेल.

अस्वलाचं मात्र साफ चुकलं. पुस्तकातला बल्लू म्हणजे प्रेमळ गुरुजी. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जातात, तेव्हा त्यांना वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त असते. मोह त्यालाही आवडतो. खाली मान घालून खाता खाता ते एकदम माणसाजवळ येतं, दचकतं आणि सरळ तोंडावर झेप घेतं. म्हणून सांगते भगिनींनो, मोहाला एकट्या जाऊ नका. चौघी मिळून जा, बोलत जा, आणि थोडं उजाडू द्या. लांडग्याचंही तसंच. तो दाट रानापेक्षा उघड्या माळाचा प्राणी, मेंढपाळांना जास्त ओळखीचा. पण गोष्ट आहे, तिला एवढी सूट द्यायला हवी.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगलीची चित्रमालिका लागायची तेव्हा माझी मुलं शेजारच्या ओसरीवर जाऊन बसायची. चित्रं जपानी, बोलणं हिंदी आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. माझा धाकटा तेव्हा कमरेला टॉवेल गुंडाळून गोठ्यातल्या म्हशीवर चढायचा आणि लाकडी सुरी फिरवायचा. त्याच मुलानं आता गोठ्यात तारेचं भेंडोळं आणून ठेवलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. दिवाळीतल्या त्या रात्री नातवाला वाचून दाखवायला मी बसले. पहिल्या रात्री लांडग्यांची गुहा झाली, दुसऱ्या रात्री वानरांनी मोगलीला पळवून नेलं ते झालं, तिसऱ्या रात्री शेरखान मेला. चौथ्या रात्री जे पान उघडलं ती दुसऱ्या भागातली गोष्ट. गावात रान कसं घुसवलं, त्याची. लहानपणी ही आमची सर्वांत लाडकी गोष्ट होती. भाऊ आणि मी ती टाळ्या पिटत वाचायचो.

गोष्ट अशी. मोगलीला मेसुआ नावाच्या बाईनं घरात घेतलेलं असतं. गाव त्याला हाकलतं, आणि मग मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटकीण-चेटक्या ठरवून बांधून ठेवतं, जाळायला. मोगली रात्री येऊन त्यांना सोडवतो आणि कान्हीवाड्याच्या वाटेला लावतो. मग तो म्हाताऱ्या हत्तीकडे जातो. ह्या हत्तीनं आणि त्याच्या तीन लेकांनी पूर्वी भरतपूरची शेतं अशी नासवलेली असतात, की तिथं पुन्हा नांगर लागला नाही. मोगली त्याला म्हणतो, ह्या गावाचंही तसंच कर. आणि रान उतरतं. आधी चितळ, रोही, डुकरं उभ्या पिकात शिरतात. रखवालदारांची मचाणं हत्ती मोडून टाकतात. गुरं रानात निघून जातात. लोक म्हणतात, असू दे, घरात बियाणं आहे, पावसाळ्यापर्यंत काढू. तर हत्ती मातीची भिंत पाडतो आणि शेणानं सारवलेली कणगी फोडून ते बियाणंही खातो. गावकरी रानातल्या गोंडांच्या मुखियाला बोलावून विचारतात, आमच्यावर कोणता देव कोपला? तो काही बोलत नाही. देवळाच्या दारावर रानकारल्याचा एक वेल ठेवतो आणि निघून जातो. म्हणजे, आता इथं वेलच वाढणार. शेवटी पाऊस लागतो, हत्ती घरांची छपरं ओढतात आणि गाव उठून जातं. सहा महिन्यांपूर्वी जिथं नांगर फिरत होता तिथं रान माजतं.

नातू आनंदानं उड्या मारायला लागला. "बरं झालं! मस्त झालं!" आणि मी मात्र कणगीपाशी थांबले. मला पुढे वाचवेना.

बियाणं, हो! ज्यांनी पेरलं नाही त्यांना त्या एका वाक्याचं काही वाटणार नाही. पण आदल्या वर्षी आमच्या धुऱ्यावरच्या तुरीची रोह्यांनी शेंडे खाऊन वाट लावली. जिथं तीन पोती व्हायची तिथं एक झालं. नुकसानीचा अर्ज केला, पंचनामा झाला, मिळायचं ते मिळालं. पण थंडीतल्या जागलीच्या रात्री कोणी भरून देत नाही. पन्नास वर्षांपूर्वी नाल्याकाठी बसून टाळ्या पिटणारी मी रानाच्या बाजूची होते. आता तेच पान वाचताना मी त्या गावातल्या, कणगीजवळ उभ्या असलेल्या कुठल्यातरी बाईच्या बाजूची झाले होते. पुस्तक तेच, पानं तीच. वाचणारीचं वय आणि वावर बदललं.

नातवानं विचारलं, "आजी, त्या गावात आपल्यासारखेच लोक राहत होते का?"

मी म्हटलं, "हो रे बाप्पा, आपल्यासारखेच."

"मग त्यांचं चुकलं का?"

आता याचं उत्तर काय द्यावं? गावाचं चुकलं होतंच. बाईला चेटकीण म्हणून बांधून जाळायला निघालेलं गाव कसं बरोबर असेल? आपल्याकडे असल्या प्रकारांविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून हे खूळ अजून गेलेलं नाही हे समजावं. पण हेही सांगायला हवं, की लिहिणारा राज्यकर्त्यांच्या जातीचा होता. त्याच्या पुस्तकात न्याय कान्हीवाड्याला इंग्रजापाशी मिळतो आणि गावातला कुणबी, पुजारी, शिकारी सगळे मूर्ख नाहीतर लोभी. गावात दुसरी माणसंही असतील ना? ज्यांनी दगड मारला नाही, ज्यांना काही विचारलंही नाही, अशी? त्यांचंही बियाणं त्याच कणग्यांत होतं. सूड घेताना मोगलीनं घर निवडलं नाही. पाऊस जसा सगळ्यांच्या छपरावर पडतो तसा त्याचा सूड सगळ्यांवर पडला.

हे मी बोलत असताना धाकटा दाराशी उभा होता, घोंगडी खांद्यावर, बॅटरी हातात, जागलीला निघालेला. नातू झोपल्यावर तो म्हणाला, "माय, तू हे मुद्दाम वाचलं ना?"

"नाही रे. पान तेच आलं."

"मोगलीनं सूड घेतला, कारण गावानं त्याले मारलं. आपण कोणाचं काय केलं? आपली तूर काऊन खातात ते?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. रानाला लागून जन्मलो हा काही गुन्हा नाही. वाघ वाचावा असं सगळ्या देशाला वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण त्याच्यासाठी राखलेल्या रानातली डुकरं आणि रोही कोणाच्या वावरात जेवतात, हे शहरातल्या माणसांनी एकदा मचाणावर बसून बघावं. हे मी मनापासून म्हणते.

पण त्या रात्री मी मुलाला दुसरी एक गोष्ट सांगितली. तीही पुस्तकातलीच. रानाचा कायदा जनावराला माणूस मारायची मनाई करतो. का? दया म्हणून नव्हे. माणूस मारला की आज ना उद्या बंदुका, मशाली, हत्ती आणि डफ-नगारे घेऊन माणसं रानात शिरतात, आणि ज्यानं काही केलं नाही तोही त्यात भरडला जातो. म्हणजे कायदा हा एकाच्या करणीचा मार सगळ्यांना बसू नये म्हणून आहे. मी म्हटलं, "जे जनावराला कळतं म्हणून पुस्तकात लिहिलं, ते आपल्याला कळू नये का? तारेत आकडा टाकून वीज सोडली, तर तिला डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता हे कळते का? मोटार सुरू करायले रात्री कोण कोण त्या धुऱ्यावरून जातं? वीजच मेली रात्रीची येते. शेजारचा बुढा दोन वाजता उठून जातो. त्याले कोण सांगन की आज तार जिवंत हाय?"

तो काही बोलला नाही. बॅटरी लावून निघून गेला.

मंडळी, ही भीती उगाच नाही. कुंपणात सोडलेल्या विजेनं आपल्या विदर्भात माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. 'जय' नावाच्या प्रसिद्ध वाघाचा तो लेक. शेतकऱ्याला डुक्कर हवं होतं, मेला वाघ, आणि उद्ध्वस्त झालं दोघांचंही घर. तुरुंगाच्या वाऱ्या करणाऱ्याचं पीक कोण काढतं?

रान घुसवणंही गोष्टीत राहिलेलं नाही. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला, आणि त्या भागातल्या शेतकऱ्यांनी धानाच्या बांधीत हत्ती शिरल्यावर काय उरतं ते डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकातला हत्ती मोगलीचा शब्द ऐकून आला होता. हे हत्ती कोणाचं ऐकून आलेले नाहीत. त्यांचंही रान कुठंतरी तुटलंय, म्हणून ते चालत निघाले.

मग उपाय काय? सोपा उपाय माझ्याजवळ नाही. पण काही गोष्टी होऊ शकतात, हे दिसतं. आमच्याकडचा तो मोठा रस्ता चौपदरी झाला तेव्हा पेंचच्या रानातून जाताना आपल्या हद्दीत नऊ ठिकाणी तो उंच केला, खालून जनावरांना वाट ठेवली. वरून ट्रक जातात, खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात. कॅमेऱ्यांत त्यांची छायाचित्रं निघाली आहेत. रस्त्याला जे जमलं ते वावराला का जमू नये? बॅटरीचा झटका देणारं सौर कुंपण जनावराला हाकलतं, जीव घेत नाही. राखीव रानाच्या काठच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. एकेकट्यानं लावलं तर डुक्कर शेजाऱ्याकडे जातं, म्हणून दहा जणांनी मिळून एक सलग कुंपण केलेलं बरं. गुरं एकट्या पोराबरोबर रानात धाडू नका. वाघानं गुरू मारलं तर ते हलवू नका, त्यात विष तर मुळीच घालू नका. लगेच वनरक्षकाला कळवा, म्हणजे पंचनामा नीट होतो.

आणि आता ती मेसुआ. लहानपणी ही बाई माझ्या लक्षातच राहिली नव्हती. लक्षात होती ती रक्षा लांडगीण, वाघाला दात दाखवणारी. ह्या वेळी वाचताना मेसुआनं मला धरून ठेवलं. हिचं तान्हं पोर वाघानं नेलेलं. पुढे रानातून एक नागडं, अंगावर ओरखडे असलेलं, बोलता न येणारं पोर येतं. तोच तिचा नथू की दुसरा कोणी, पुस्तक पक्कं सांगत नाही. तीही खात्री करत बसत नाही. त्याला दूध देते, भाकरी देते. रानानं जिचं सगळ्यांत जास्त नेलं, तीच रानातून आलेल्याला घरात घेते. गाव दगड मारतं तेव्हाही ती त्याला चेटक्या म्हणत नाही. आणि शेवटच्या गोष्टीत, मोठा झालेला मोगली एका रात्री अचानक तिच्या दारात उभा राहतो, तेव्हा ती पुन्हा दूध तापवते. तिच्या मांडीवर तोवर दुसरं लेकरू आलेलं असतं.

असल्या बाया पुस्तकातच असतात असं समजू नका. सिवनीकडच्या पेंचमध्ये कॉलरवाली नावाची वाघीण होती. तिनं आठ वेळा मिळून २९ पिल्लं दिली. १५ जानेवारी २०२२ ला ती म्हातारपणानं मेली तेव्हा लोकांनी तिच्यावर फुलं वाहिली, चिता रचली आणि तिथल्याच एका आदिवासी बाईनं अग्नी दिला. रानाच्या काठी जगणाऱ्या बाईला वाघ काय नेतो हे ठाऊक असतं. तरी तिनं हात जोडले. त्याला भाबडेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नातू सुट्टी संपून नागपूरला गेला. जाताना म्हणाला, "आजी, मी मोठा झालो की मोगलीला सांगीन, आपलं गाव सोड म्हणून." मी म्हटलं, "सांग बाबा, त्याच्या ओळखीचा कोणी हवाच होता आपल्याला."

तूर ह्या वर्षी दोन पोती झाली. एक रोह्यांनी नेलं असं धरून चाललो. जागल सुरूच आहे. गावातल्या सहा जणांनी कुंपणाच्या अर्जावर सह्या केल्या आहेत, आणखी चार हवेत. आणि गोठ्यातलं ते तारेचं भेंडोळं? ते तसंच पडून होतं. होळीच्या सुमारास एक दिवस धाकट्यानं ते उचललं, चार बांबू रोवले आणि परसात मांडव केला. मी विचारलं, कशाचा? म्हणाला, "कारल्याचा."

मला हसू आलं. त्याला ते आठवलं होतं की सहज झालं, विचारलं नाही.

वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेत हे पुस्तक असेल तर काढा, नसेल तर गुरुजींना आणायला सांगा. पोरांना वाचू द्या, त्यांना टाळ्या पिटू द्या. ते त्यांचं वयच आहे. पण रान गावात घुसतं ती गोष्ट मात्र एखाद्या रात्री घरातल्या मोठ्यांनी मोठ्यानं वाचावी, सगळे जागे असताना. आणि वाचून झाल्यावर गोठ्यात एक चक्कर मारून यावी.